मूडलमध्ये (ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) जादा गुणांची चाचणी जोडली की मुलांची टक्केवारी घसरते. एक्स्ट्रा क्रेडिट नीट कसं लावायचं?

१०० गुणांच्या कोर्सला ५ गुणांची ऐच्छिक चाचणी जोडली आणि ज्यांनी ती दिली नाही त्यांचेच गुण घसरले, असं तुम्ही लिहिलंय. अगदी हेच माझ्या हातून झालंय, म्हणून लिहायला बसले.

आमचं कॉलेज दारव्हा तालुक्यातल्या एका गावात. मी भूगोल शिकवते. दिवाळीनंतर १० गुणांचा जादा उपक्रम ठेवला होता: कोणत्याही एका विहिरीत चार रविवार दोर सोडायचा, काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजायचं आणि नोंद मूडलवर चढवायची. ज्याला करायचं त्याने करावं, सक्ती नाही. मुदत संपली तेव्हा रिकामे रकाने बरे दिसत नाहीत म्हणून ज्यांनी काही पाठवलं नव्हतं त्यांच्यापुढे मी शून्य भरून टाकलं आणि गुण मुलांना खुले केले.

दुसऱ्या दिवशी एक मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी. महिनाभर आईसोबत कापूस वेचायला जात होती. बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटं ओरखडलेली, नखांच्या कडेला काळ्या चिरा. मोबाइल पुढे करून म्हणाली, "मॅडम, म्या त काहीच नाही केलं, मंग माये मार्क कमी कायले झाले जी?"

तिला १०० पैकी ४१ होते. माझा जादाचा रकाना इतर रकान्यांसारखाच धरला गेला, कोर्सची कमाल ११० झाली. ११० पैकी ४१ म्हणजे ३७.२७ टक्के. पासिंग ४०. न केलेल्या ऐच्छिक कामापायी पोरगी नापास दिसत होती आणि तिचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता.

उपाय दोन मिनिटांचा आहे. ग्रेडबुक (मूडलमधली गुणांची वही) सेटअपमध्ये त्या चाचणीच्या एडिट सेटिंगमध्ये जा आणि 'एक्स्ट्रा क्रेडिट'च्या चौकटीत टिक करून सेव्ह करा. कमाल १०० वर येते. शून्य असलं तरी ४१ चे ४१ राहतात, आठ मिळाले तर ४९ होतात. बेरजेची पद्धत 'नॅचरल' किंवा 'सिंपल वेटेड मीन' असेल तरच ती चौकट दिसते, 'वेटेड मीन ऑफ ग्रेड्स'ला दिसत नाही.

खरं भांडण मात्र पुढे झालं. चूक दुरुस्त करताना मी उपक्रमाची मुदत संक्रांतीपर्यंत वाढवली आणि कागदावरची नोंदही चालेल असं सांगितलं. आमचे तेव्हाचे विभागप्रमुख म्हणाले, मुदत म्हणजे मुदत, आणि जादा गुण म्हणजे खिरापत. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. वेचणीच्या दिवसांत सकाळी सातला शेतात जाणाऱ्या आणि रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढणाऱ्या मुलांना जी संधी घेताच येत नाही, ती संधी नव्हेच. ती घरी बसलेल्यांना दिलेली सूट आहे.

त्या मुलीने ज्या शेतात वेचणी चालू होती तिथलीच विहीर धरली. दोराला हाताहातावर गाठी मारल्या आणि जेवणाच्या सुट्टीत मोजलं. वहीच्या पानावर लिहून आणलं: १६ हात, १७, साडेसतरा, १९. खाली एक ओळ, "गव्हाले पाणी देनं सुरू झालं." पाणी का उतरलं ते तिने शेतातच पाहिलं होतं. वेळेत टाइप करून आलेल्या एका नोंदीत चारही रविवारी पाच मीटरच होतं! मी तिला ९ दिले आणि त्या पाच मीटरवाल्याला २. ते पान मी प्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी वाचलं, परत दिलं, बोलले काहीच नाहीत.

म्हणून तुमची ती ५ गुणांची चाचणी ऑनलाइन आणि अर्ध्या तासाची असेल तर आधी ती बदला, चौकट नंतर टिक करा. आणि जादा गुण आहेत हे पहिल्या तासालाच सगळ्यांना सांगा. निकालाच्या तोंडावर चार मुलं दारात आली म्हणून ठेवलेले जादा गुण मला मान्य नाहीत. त्याला मीही खिरापतच म्हणेन.

आणि हो, जादाच्या कामांची वेगळी कॅटेगरी करणार असाल तर टिक त्या कॅटेगरीला करा, आतल्या प्रत्येक कामाला पुन्हा नको. ९६ वाल्याला ५ मिळाले तर १०१ दिसणार नाहीत, १०० वरच थांबतील. त्याच्या वर जाऊ द्यायचं असेल तर 'अनलिमिटेड ग्रेड्स' अॅडमिनला चालू करावं लागतं. सत्राच्या मध्येच बेरजेची पद्धत बदलाल तर सगळ्यांचेच गुण हलतील, तेव्हा आधी ग्रेडबुकची एक एक्सेल प्रत उतरवून ठेवा. मी ठेवली नव्हती, ४१ चा आकडा तिच्या मोबाइलमधल्या स्क्रीनशॉटवरून घ्यावा लागला.