टॉपर नंतर घ्या, आधी खालची गादी बघा

तुम्ही विचारलंय की 6 वर्षं जुना 2 इंची मेमरी फोमचा टॉपर (गादीवर अंथरायचा थर) मधोमध दबलाय, सकाळी कंबर धरते, खाली लग्नातली काथ्याची गादी आहे, तर आता 4 इंची घ्यावा का, की जुना तसाच ठेवून त्यावर नवा टाकावा. दुसऱ्याचं उत्तर लगेच देतो, नका टाकू, खड्ड्यावर गोधडी अंथरली म्हणून खड्डा बुजत नाही. पहिल्याला जरा वेळ लागेल.

मी नाशिकला असतो, 72 बाय 60 इंचाचा पलंग, आत्ताचा हा माझा तिसरा टॉपर. दुसरा घेताना हाच घोळ घातला होता, वरचं बदललं आणि खाली बघितलंच नाही. पहिला महिना मस्त गेला आणि मग परत तेच, रात्री दोघंही घरंगळत मधे यायचो. शेवटी एका रविवारी सगळं उपसलं तर टॉपर ठणठणीत, काथ्याच मधे बसलेला. म्हणून आधी एवढं करा. टॉपर काढा, गादीवर पडद्याचा रॉड आडवा ठेवा आणि मधल्या फटीत मुलांची शाळेची पट्टी उभी धरा. आमच्याकडे सव्वा इंच भरलं होतं. एवढं भरलं तर टॉपर कितीही भारी आणा, पैसे पाण्यात. काथ्याची गादी उलटता येत असेल तर उलटून बघा, आणि खालचा प्लायवुडही बघा, स्टोरेजवाल्या पलंगात प्लाय मधे वाकलेला असतो आणि शिव्या गादीला बसतात. तिथे काळे ठिपके दिसले तर ती बुरशी, पावसाळ्यात हवा खेळत नाही म्हणून. पुसून, पंखा लावून पूर्ण वाळवल्याशिवाय वर काही ठेवू नका.

अजून एक खात्री हवी असेल तर दोन रात्री जमिनीवर सतरंजी आणि त्यावर फक्त जुना टॉपर टाकून झोपा. कंबर बरी वाटली तर गुन्हेगार गादी आहे. तरीही दुखली आणि मधे हाताला लादी लागतेय असं वाटलं तर टॉपर गेलाय, आणि 6 वर्षं म्हणजे 2 इंची फोमने आपलं काम केलं, तक्रार नको.

आता नवा. 4 इंची नको, मी तरी घेणार नाही. एवढ्या मेमरी फोममध्ये माणूस रुतून बसतो, कूस बदलताना जोर लावावा लागतो आणि वयस्कर माणसाला उठताना नकोसं होतं. कुशीवर झोपणाऱ्याला किंवा 80 किलोच्या वर वजन असलेल्याला 3 इंच, बाकीच्यांना 2 पुरतो. पोटावर झोपत असाल तर 2 च.

जाडीपेक्षा डेन्सिटी बघा, म्हणजे एक घनमीटर फोम किती किलो भरतो ते. दुकानदार 'मेमरी फोम आहे साहेब' एवढंच सांगतो आणि आत 1 इंच मेमरी, 1 इंच साधा पीयू फोम असतो. नासाचं स्टिकर दाखवतात त्याला भुलू नका, 1966 मध्ये विमानाच्या सीटसाठी नासाने हे काम करवून घेतलं हे खरंय पण आता हा फोम कोणीही बनवतो. सरळ वजन विचारा. 72 बाय 60, 2 इंच म्हणजे साधारण 0.14 घनमीटर, 50 डेन्सिटीचा असेल तर 7 किलोच्या आसपास भरायला हवा. 4 किलो भरला तर डेन्सिटी 30 च्याही खाली, बॉक्सवर काहीही छापलेलं असो. 3 इंची असेल तर साडेदहा. घरी मोजायचं असेल तर गुंडाळी हातात घेऊन वजनकाट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा, कव्हरचं थोडंफार सोडून द्या. आणि कव्हरची चेन उघडून बाजूने थर बघायला लाजू नका, मी बघतो, दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

दुकानात एसी असतो हेही लक्षात ठेवा. हा फोम गारठ्यात कडक होतो आणि उष्णतेने मऊ पडतो, त्यामुळे तिथे घट्ट वाटलेला मे महिन्यात तुमच्या बेडरूममध्ये लिबलिबीत वाटेल. इकडे जानेवारीत उलटं, आडवं झाल्यावर पहिली दहा मिनिटं पाटावर झोपल्यासारखं, मग अंगाच्या उबेने सैल होतो. घाम फार येत असेल तर लेटेक्सचा, म्हणजे रबरी फोमचा बघा, महाग आणि जड असतो पण तेवढा तापत नाही आणि रुततही नाही.

आल्यावर लगेच झोपू नका, पॅकिंग फोडून खिडक्या उघड्या ठेवून दोन दिवस राहू द्या, वास जातो आणि पूर्ण फुगतो. आणि घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा की हा गच्चीवर न्यायचा नाही. आमचा पहिला टॉपर तसाच गेला, आई कापसाच्या गाद्यांबरोबर त्यालाही दर दिवाळीला आणि एरवीही उघडा करून दिवसभर ऊन दाखवायची, तिसऱ्या वर्षी कव्हर काढलं तर वरची बाजू पिवळीजर्द आणि चिमटीत धरलं की भुगा. कापसाला ऊन मानवतं, फोमला नाही. धुवायचाही नाही, पिळता येत नाही आणि आतलं पाणी वाळत नाही. फक्त कव्हर धुवा.

जुना फेकू नका, जाळू तर अजिबात नका, विषारी धूर होतो. कडेचा भाग दबलेला नसतो, धारदार कटरने कापून खुर्चीच्या उशा होतात, आईच्या देवघरातल्या पाटावर एक तुकडा आहे, गुडघ्यांना बरं पडतं म्हणते.

पट्टी किती आत गेली ते मोजून इथे टाका, आणि कुशीवर झोपता की पाठीवर तेही, मग 2 की 3 ते बघू.