प्रोबेशनची देखरेख मुदतीआधी संपवता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या भावाला मारामारीच्या केसमध्ये दोषी धरलं, पण तुरुंगात न पाठवता तीन वर्षांच्या बॉण्डवर, म्हणजे नीट वागण्याच्या लेखी हमीवर सोडलं. दर महिन्याला परिवीक्षा (म्हणजे प्रोबेशन) अधिकाऱ्यासमोर हजेरी. दीड वर्ष झालं, एकही तारीख चुकली नाही. वकील म्हणतायत, बॉण्ड रद्द करायचा अर्ज टाकू. टाकावा का?

देखरेख लवकर संपू शकते. पण तो अर्ज वकिलाने करायचा नसतो आणि भावानेही नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ मधलं कलम ८ बघा. त्याच्या पोटकलम ३ प्रमाणे परिवीक्षा अधिकाऱ्याने अर्ज करायचा, आणि या माणसाच्या वर्तनामुळे आता देखरेखीची गरज उरलेली नाही अशी कोर्टाची खात्री पटली तर कोर्ट बॉण्डमधून मोकळं करू शकतं. म्हणजे दार आहे, फक्त त्याची किल्ली अधिकाऱ्याच्या खिशात आहे. मी निवृत्त परिवीक्षा अधिकारी. बरीच वर्षं ती किल्ली माझ्याच खिशात होती, आणि ती बाहेर काढायला आम्ही किती कंटाळा करतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

खरं तर कंटाळा नाही, भीती. देखरेख चालू ठेवली तर अधिकाऱ्याला कुणी विचारत नाही. संपवली आणि पुढच्या महिन्यात त्या पोराने कुठे हात उचलला, तर पहिला प्रश्न येतो, "अर्ज कुणाच्या सहीचा होता?" त्यामुळे 'असू दे, मुदत संपेलच' हे धोरण सगळ्यांना सोयीचं पडतं. सगळ्यांना म्हणजे, हजेरीला येणारा सोडून.

माझ्याकडे एक मुलगा होता, चोरीच्या केसमधला. वेल्डिंगच्या कारखान्यात लागला होता. हजेरीच्या दिवशी त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जायची. तो यायचा, नखांत काळं तसंच. मी विचारायचो, "कसं चाललंय?" तो म्हणायचा, "बरंय साहेब." सही, शिक्का, संपलं. तीन मिनिटं. एकदा सही करून झाल्यावर तो उठलाच नाही. म्हणाला, "साहेब, राग नका मानू, पण आता तुम्ही माझं नेमकं काय बघता?" मी रजिस्टर उघडलं. त्याच्या नावापुढे तेरा वेळा 'समाधानकारक' लिहिलेलं, सगळीकडे एकाच वळणाचं. मला काही उत्तर सुचलं नाही. आणि एवढं होऊनही अर्ज करायला मी आणखी चार महिने लावले, हेही सांगून टाकतो.

अर्ज कोर्टापुढे गेला तेव्हा मॅजिस्ट्रेट साहेबांनी एकच विचारलं, "घरी जाऊन आलात का?" सुरुवातीला एकदा गेलो होतो, त्यानंतर नाही. तारीख पुढे गेली. मग गेलो. त्याच्या आईने डब्यातून कागद काढले: कोर्टाने भरायला सांगितलेल्या नुकसानभरपाईच्या पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळं दोऱ्याने बांधलेलं. मी इतक्या महिन्यांत जे विचारलं नव्हतं ते त्या गाठोड्यात होतं. पुढच्या तारखेला बॉण्डमधून सुटका झाली.

हे सांगायचं कारण, तुमचं अर्धं काम तिथेच आहे. 'दीड वर्षात काही गुन्हा केला नाही' एवढं पुरत नाही. तो तर बॉण्डच्या अटी पाळतोय एवढाच त्याचा अर्थ. कोर्टाला दिसायला हवं की आता बघायला काही उरलेलं नाही. ज्या कारणाने मारामारी झाली ते कारण संपलं का? दारू होती तर ती सुटली का? ज्याला मारलं त्याच्याशी आज कसं आहे? नुकसानभरपाई ठरली असेल तर पूर्ण भरली का? (ती बाकी असेल तर आधी ती भरा, बाकीचं सगळं नंतर.) यातलं ज्याचं कागदावर काही आहे ते जमवा आणि भावाच्या सहीने परिवीक्षा अधिकाऱ्याला साधं विनंतीपत्र द्या, कलम ८ चा उल्लेख करून. पोच घ्या. तोंडी सांगितलेलं आमच्याकडे चहाबरोबर विरघळतं.

वकिलांना सोडा असं मी म्हणत नाही. पत्राचा मसुदा आणि कोर्टात बाजू मांडणं, यासाठी ते हवेतच.

दोन गोष्टी तपासून घ्या. हुकूम कुठल्या कोर्टाचा आहे? अपिलात सेशन्स कोर्टाने प्रोबेशन दिलं असेल तर अर्जही तिथेच. आणि देखरेखीच्या हुकुमात किती मुदत लिहिली आहे? कायद्याने ती किमान एक वर्ष असते, आणि बॉण्डची मुदत तीन वर्षांच्या वर जात नाही. पुष्कळदा बॉण्ड तीन वर्षांचा आणि देखरेख त्याहून कमी काळाची असते, घरच्यांना ते माहीतच नसतं.

अधिकारी पूर्ण सुटकेला तयार नसतील तर त्याच कलमाच्या पोटकलम १ खाली मुदत कमी करणं किंवा अटी बदलणं मागता येतं, म्हणजे हजेरी महिन्याऐवजी तीन महिन्यांनी. तो अर्जही त्यांचाच. मात्र याच पोटकलमाने मुदत वाढूही शकते, मूळ हुकुमापासून तीन वर्षांच्या आत, म्हणून भांडून मागू नका.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर कायद्यात इथे खोट आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात देखरेखीचं एक वर्ष झाल्यावर माणूस स्वतः कोर्टाकडे सुटका मागू शकतो. आपल्याकडे ज्याची देखरेख, त्यालाच विचारायची सोय नाही. आणि धोका नसलेल्या माणसाला उगाच जखडून ठेवलं तर नोकरी, घर अशा ज्या गोष्टींनी तो सावरला त्याच ढिल्या होतात, हे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ अँड्र्यूज आणि बाँटा यांच्या कामानंतर या क्षेत्रात नवीन राहिलेलं नाही.

भावाच्या नोकरीबद्दलही विचारलंय तुम्ही. कलम १२ मुळे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, पण दोषसिद्धी पुसली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने बक्षी राम प्रकरणात १९९० मध्येच हे स्पष्ट केलंय. फॉर्ममध्ये विचारलं असेल तर खरं लिहायचं.

सुटकेचा हुकूम झाला की त्याच आठवड्यात सही-शिक्क्याच्या तीन नकला काढा. एक घरी, एक भावाच्या नोकरीच्या फाइलला, आणि एक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. कोर्टातून आपोआप जाईल या भरवशावर राहू नका.