दुकानातील कार्पेटवर दारापासून काउंटरपर्यंत पडलेला काळा, तेलकट पट्टा शाम्पूने का जात नाही?

आपण लिहिले आहे की, दुकानातील राखाडी कार्पेटवर दारापासून काउंटरपर्यंत दीड-दोन फूट रुंदीचा काळपट, चिकट पट्टा पडला आहे, दोन वेळा माणसे बोलावून शाम्पू करून घेतला, दोन्ही वेळा पहिले काही दिवस कार्पेट छान दिसले आणि महिन्याच्या आत पट्टा पूर्वीपेक्षा काळा झाला. तेव्हा आता कार्पेटच बदलावे काय. मी बेळगावात कार्पेट आणि सोफे धुण्याचा व्यवसाय करतो आणि अशा तक्रारीची कार्पेटे मला सतत पाहावी लागतात. बदलण्याचा निर्णय थोडा थांबवावा. महिन्याभरात परतलेल्या काळेपणाला बहुधा तो शाम्पूच जबाबदार आहे.

हा पट्टा म्हणजे नुसती धूळ नव्हे. धूळ कोरडी असते, ती झाडता येते, ओढून घेता येते. परंतु रस्त्यावरच्या डांबराचा आणि गाड्यांतून गळलेल्या ऑइलचा अंश चपलांच्या तळव्यांना लागून आत येतो. उद्यमबागेसारख्या कारखान्यांच्या भागात त्यात ग्रीस आणि लेथवरच्या तेलाची भर पडते, आणि शेजारी खानावळ असेल तर फोडणीची वाफही हळूहळू कार्पेटवर बसते. या तेलाचा पातळ थर धाग्यांवर चढला की पुढे येणारी प्रत्येक धूळ त्याला धरून राहते, मग ती खानापूरकडची तांबडी माती असो वा चिकोडी-निपाणीकडची काळी. शाम्पू नीट धुऊन काढला नाही तर वाळल्यावर त्याचाही असाच चिकट थर मागे राहतो. बोअरचे जड पाणी वापरले असेल आणि त्यात साबण असेल, तर पाण्यातील क्षारांमुळे साबणाची साय तयार होऊन ती धाग्यांवर बसते, ते आणखी वाईट.

म्हणून माझ्या कामाची सुरुवात पाण्याने होत नाही. पट्ट्यावर मी व्हॅक्यूम अगदी सावकाश फिरवतो, एकदा उभा, एकदा आडवा, पुन्हा उभा, आणि एवढ्याशा जागेला वीस-पंचवीस मिनिटे देतो. गिऱ्हाईक कधी कधी अस्वस्थ होते, कारण त्याला फेस पाहायचा असतो. पण जी माती कोरडी असताना निघाली नाही तिचा पाणी लागताच चिखल होतो, आणि तो चिखल कार्पेटच्या बुडाशी जाऊन बसतो.

यानंतर धागा कशाचा आहे हे ओळखावे लागते, आणि ही पायरी बहुतेक जण गाळतात. कपाटाखालच्या किंवा कडेच्या झाकलेल्या जागेतून दोन-चार तंतू काढावेत आणि साबणाचा थेंब मिसळलेल्या पाण्यात बोटाने दाबून सोडावेत. वर तरंगले तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाले तर नायलॉन, पॉलिएस्टर किंवा लोकर. बुडालेला तंतू वाळवून चिमट्यात धरून पेटवावा: केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर ती लोकर, वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. पॉलिप्रॉपिलीन पाणी शोषत नाही, पण तेलाशी त्याचे फार सख्य असते. स्वस्तातल्या कार्पेटांवर हे पट्टे हट्टी होतात त्याचे एक कारण हे आहे. लोकरीवर तीव्र अल्कली चालत नाही. तिच्यासाठी साडेआठच्या आतल्या पीएचचे (पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप; सातच्या वर जितका जास्त, तितकी अल्कली तीव्र) द्रावण आणि कोमट पाणीच घ्यावे, आणि कपड्यांचे क्लोरीनचे ब्लीच तर जवळही आणू नये, कारण ते लोकर अक्षरशः विरघळवते.

आपले कार्पेट कृत्रिम धाग्याचे असावे असे धरून पुढचे सांगतो. साधारण दहा पीएचचे, तेल सोडवणारे प्री-स्प्रे द्रावण मी कोमट पाण्यात बनवून पट्ट्यावर फवारतो. फार चिकट पट्टा असेल तर त्यात संत्र्याच्या सालीच्या तेलापासून बनणारे द्रावक थोडे मिसळतो. आधी झाकलेल्या जागेवर पांढऱ्या फडक्याने रंग सुटतो का ते पाहिलेले असते. फवारल्यावर दहा ते पंधरा मिनिटे काहीही करायचे नाही, फक्त ते वाळू द्यायचे नाही. तेलाला धागा सोडायला वेळ लागतो, आणि हा वेळ न देता जोर लावला तर जोर धाग्यावर खर्च होतो. मग नायलॉनच्या मऊ ब्रशने दोन्ही दिशांनी हलकेच घोळवतो. या वेळी खाली वाकून पाहावे: पांढरा फेस आधी चहासारखा आणि मग शाईसारखा होत जातो, आणि धाग्यांच्या मुळाशी मूळ रंगाची बारीक रेघ दिसू लागते. ती रेघ दिसली की काम होणार, हे मला कळते.

मग एक्स्ट्रॅक्शन मशिनने साठ अंशांच्या आसपासचे गरम पाणी मारून लगेच ओढून घ्यायचे. एकदा पाण्यासह हात फिरवला की दोनदा पाणी न सोडता नुसता ओढायचा, असे माझे प्रमाण आहे. शेवटचे पाणी सौम्य आम्लधर्मी असते. त्याने राहिलेली अल्कली मरते आणि धागा चिकट राहत नाही. घरगुती मशिन असेल तर चार लिटर पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर पुरते.

वाळवण्याच्या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलाच फसलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत ऐन ऑगस्टमध्ये एका कार्यालयाचे कार्पेट धुतले, स्वच्छ झालेले पाहून पैसे घेऊन आलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला की पट्टा जिथल्या तिथे परत आला आहे. बुडाशी राहिलेला मळ वाळताना पाण्याबरोबर धाग्यातून वर चढला होता, जशी दिव्याच्या वातीतून तेल चढते तशी. बेळगावच्या पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की पाणी कमी वापरणे आणि पंखे लावणे यांना पर्याय नाही. आता मी दोन मोठे पंखे जमिनीलगत लावतो आणि शेवटी पट्ट्यावर कोरडा पांढरा पंचा दाबून फिरवतो. पंचावर काळे उमटले तर पुन्हा ओढतो. कार्पेट सहा ते आठ तासांत वाळायला हवे, आणि तोवर त्यावरून कोणी चालू नये.

एक गोष्ट मात्र कोणत्याही द्रावणाने दुरुस्त होत नाही. चपलांखालची वाळू काचकागदासारखी धाग्यांना घासत असते, त्यामुळे त्यांवर बारीक ओरखडे पडतात आणि प्रकाश सरळ परत न येता विखुरतो. अशी जागा स्वच्छ असूनही करडी दिसते. मी काम घेण्यापूर्वी ओंजळीएवढी जागा धुऊन, पूर्ण वाळवून गिऱ्हाइकाला दाखवतो. आपणही तसेच करावे. ती जागा शेजारच्या न मळलेल्या कार्पेटशी जुळली तर बदलण्याचे कारण नाही. पंचा पांढरा राहूनही जागा करडीच दिसली तर तो मळ नसून झीज आहे, आणि मग धुण्यावर आणखी पैसे घालवू नयेत. कार्पेट चौकोनी तुकड्यांचे असेल तर पट्ट्याखालचे तुकडे काउंटरमागच्या तुकड्यांशी अदलाबदल करून घ्यावेत. नवे बसवले तरी दाराशी चार-पाच पावले पडतील एवढा लांब काथ्याचा पायपुसणा टाकावा आणि तो रोज बाहेर नेऊन झटकावा.