जंतरमंतरला माध्यान्ह मिळत नसेल तर पैसे भरू नका

तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं पुन्हा वर आलं. सत्तरीचे आईबाबा, नाताळच्या आसपासची ‘खगोल-वारसा’ सहल, जयपूर-दिल्ली-उज्जैन-बनारस इथल्या राजा सवाई जयसिंगाच्या जुन्या वेधशाळा, त्यांतल्या जयपूरच्या जंतरमंतरला ‘दुपारी 4 ते 5’, सोबत जाणकार, आणि ‘षष्ठांश यंत्र (सूर्य मोजायची अंधारी खोली) आतून दाखवू’ हे फोनवरचं आश्वासन. उरलेले पैसे मात्र याच आठवड्यात हवेत. भरू का, असं विचारलंत. माझं उत्तर: आज तरी नको.

(हे माझं मत. मी ना खगोलशास्त्रज्ञ ना वकील, हौसेपोटी वाचत-बघत आलेला माणूस. तिकिटं, कपडे, हॉटेल यात शिरत नाही, ते कुठेही मिळेल.)

आधी त्या ‘4 ते 5’बद्दल. ही यंत्रं उन्हावर चालतात आणि सहली बसवर. डिसेंबरअखेर जयपूरला साडेपाचच्या पुढेमागे सूर्य मावळतो. तुम्ही पोचाल तोवर ऊन पार तिरपं झालेलं असेल. खरी गंमत तिथल्या माध्यान्हीला, आणि ती घड्याळाच्या बाराला होत नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, जयपूर पावणेशहात्तरच्या जरासं पुढे, म्हणून सूर्य तिथे सरासरी 27 मिनिटं उशिरा मध्यावर येतो. नाताळात 12 वाजून 27 मिनिटांच्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्यात 12:41, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:10. उज्जैनही जवळजवळ त्याच रेखांशावर आहे, तिथेही हेच गणित.

त्या वेळी 27 मीटर उंच सम्राट यंत्राची, म्हणजे तिथल्या भल्यामोठ्या सूर्यघड्याळाची, सावली पश्चिमेकडच्या चापावरून (वेळेच्या खुणा असलेल्या कमानीवरून) उतरते आणि पूर्वेकडच्या चापावर चढायला लागते. सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. नुसतं उभं राहून ती सरकताना दिसते. गाइड ‘दोन सेकंदांपर्यंत अचूक’ म्हणून सांगतात तेव्हा सावलीची कड बघा, चांगली चार बोटांहून जास्त रुंद धूसर पट्टी असते. सूर्य म्हणजे काही बिंदू नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, आणि अर्धा अंश म्हणजे वेळेच्या हिशेबात दोन मिनिटं. चापावर बारीक काडी किंवा दोरा धरून त्या पट्टीतही नेमकी जागा काढता येते. हे समजावणारा माणूस सोबत असेल तर ती सहल. नसेल तर दगड-चुना बघून परत येणं.

आता षष्ठांश यंत्र. माझं सगळ्यात जास्त नुकसान इथे झालं. सम्राट यंत्राच्या चापांना आधार देणाऱ्या बांधकामातच अंधाऱ्या खोल्या आहेत, एरवी कुलूपबंद. वर बारीक भोक. माध्यान्हीला काही मिनिटंच सूर्याची तळहातात मावेल एवढी तबकडी आतल्या 60 अंशांच्या चापावरून सरकत जाते, तिच्यावरून सूर्याची उंची आणि त्याचा व्यास दोन्ही मोजता येतात. या सहलीचा ‘इतिहास’ मला तरी या खोलीत दिसतो. ही कल्पना दहाव्या शतकात इराणमधल्या रय्य इथे खगोलज्ञ अल-खुजंदीने वापरली, पुढे समरकंदला तिथला राजा उलुग बेगने तिचा सुमारे 40 मीटर त्रिज्येचा अवतार बांधला (त्याचा जमिनीत गाडलेला भाग 1908 साली सापडला), आणि सवाई जयसिंगाने ती जयपूरला आणली. केवढी साखळी, आणि तिचं टोक त्या एका खोलीत.

‘परवानगी काढली आहे’ असं मला सांगितलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, विचारूही नका. आदल्या संध्याकाळी कळलं की सकाळ रजईच्या दुकानाला आणि जेवणाला दिलीय, जंतरमंतर चारनंतर. षष्ठांश यंत्राचं विचारल्यावर टूर मॅनेजर म्हणाला, परवानगीचं ऑफिसवाले बघतात. ऑफिस म्हणालं, स्थानिक एजंट बघतो. एजंट म्हणाला, माझ्याकडे असा अर्जच आलेला नाही. अर्ज केलेलाच नव्हता! आणि जाहिरातीत त्याच खोलीचा फोटो.

परत आल्यावर ईमेल. उत्तर: ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे.’ हा संबंधित विभाग कुठे बसतो देव जाणे. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच वाक्य, खाली फक्त वेगळी सही. शेवटी अटींमधली ती ओळ तोंडावर मारली: ‘अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रमात बदल करण्याचा हक्क राखून.’ रजई अपरिहार्य! ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करता येते (आधी ई-दाखिलवरून, 2025 पासून ई-जागृतीवरून), पण माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं, सगळं फोनवर. सोडून दिलं.

म्हणून पैसे भरण्याआधी ईमेलवरच (व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा चालणार नाही) विचारा: जयपूर आणि उज्जैनला नेमके किती वाजता पोचणार, परवानगीच्या पत्राची प्रत, आणि जाणकाराचं नाव. सहल प्रत्यक्षात कोण चालवतंय तेही. ‘जाणकार’ या शब्दावर भुलू नका. आमचा जाणकार राशिवलय यंत्रापाशी म्हणाला, आपापल्या राशीसमोर उभे राहा, फोटो काढतो. ती बारा यंत्रं भविष्यासाठी नाहीत हो. ज्या राशीचा आरंभ मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर) येतो त्या वेळी त्या राशीचं यंत्र वापरायचं, म्हणजे ग्रहाचे भोग-शर (आकाशातले रेखांश-अक्षांश) थेट मोजता येतात.

आणि ‘हे सगळं शुद्ध आपलं, बाहेरचं काही नाही’ असं कुणी सुरू केलं तर सरळ पुढे चालू लागा. जयसिंगाच्या पदरच्या जगन्नाथ सम्राट या पंडिताने ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला. पोर्तुगालला माणसं पाठवून जयसिंगाने युरोपातली ग्रह-चंद्राची कोष्टकं मागवली, ती ताडून पाहिली आणि त्यांतलं चंद्राचं स्थान अर्ध्या अंशाने चुकतंय असं नोंदवलं. मला तरी या राजाचा मोठेपणा या ताडून पाहण्यातच वाटतो. असो, विषय भरकटला.

बाकी ठिकाणं थोडक्यात. दिल्लीला अपेक्षा ठेवू नका, खुणा बऱ्याच पुसल्यात आणि भोवती उंच इमारती. तासभर खूप झाला. उज्जैनला मात्र वेळ वाढवून मागा. जुन्या खगोलगणिताच्या सिद्धान्तग्रंथांची मध्यरेषा (शून्य रेखांश) इथूनच जाते, 1923 साली माधवराव शिंद्यांनी दुरुस्ती करवली आणि तिथली यंत्रं आजही वापरात आहेत. आवार छोटं आहे, आईबाबांना झेपेल. डिसेंबरात नाडीवलय यंत्राची (हे दोन तोंडांचं सूर्यघड्याळ) दक्षिणेकडची बाजूच उन्हात असते, उत्तरेकडची मार्चनंतर, हे त्यांना दाखवा. लगेच कळतं.

कंपनीने लेखी दिलं नाही तर स्वतःच जा, असं मी म्हणेन. मुंबईहून जात असाल तर उज्जैनच्या आधी चाळीसगावला उतरून पाटणादेवीही करता येईल. तिथल्या पाटण गावचा शिलालेख आहे: भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला 1207 साली दान मिळालं, त्याचा. एकाही कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत मला हे दिसलेलं नाही.

बनारसला वेधशाळा मानमंदिर घाटावरच्या महालाच्या गच्चीवर आहे. बोटीने घाटावर उतरवतात, तिथून पायऱ्या बऱ्याच आणि उंच. आईबाबांचे गुडघे कसे आहेत ते लिहिलं नाहीत. दुखत असतील तर दशाश्वमेधच्या बाजूने गल्लीतून न्यायला सांगा, आणि हेही त्याच ईमेलमध्ये घाला.