किती माणसं गेली की आपत्ती म्हणायची?

मित्रा,

तुझा मेसेज वाचला. ट्रेकला गेलेला कोणी दगावला की लोक लगेच म्हणतात, कोणी सांगितलं होतं जायला, आणि तू विचारतोयस की मग तसलं मरण आपत्तीत धरायचंच नाही का. तुझा राग कळतो मला, पण आता तू लीडर म्हणून माणसं नेणार आहेस, तेव्हा हे नीट डोक्यात बसू दे.

कागदावर बघशील तर एखादा कड्यावरून पडून गेला की पोलीस स्टेशनला अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, विषय तिथेच संपतो. ईएम-डॅट म्हणून आपत्तींचा जगभरचा डेटाबेस आहे, त्यात यायला दहा मृत्यू किंवा शंभर बाधित असले काही निकष आहेत. म्हणजे १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर वादळात आठ जण गेले ते नुसत्या आकड्यावर बसत नाहीत आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये एव्हरेस्टच्याच वाटेवरच्या खुंबू आइसफॉलमध्ये, म्हणजे तिथल्या तुटक्या हिमनदीत, हिमस्खलनात १६ नेपाळी गेले ते बसतात. पण ते सोळा जण हौसेने गेले नव्हते रे, दुसऱ्यांच्या मोहिमांच्या कामावर होते, आणि तरी लोकांना १९९६ च पाठ असतं. याचा मला खरंच त्रास होतो.

आपला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा मला जास्त पटतो. त्यात अपघात आणि निष्काळजीपणासुद्धा धरलाय, पण अट अशी की जे झालं ते तिथल्या लोकांच्या आवाक्याबाहेरचं असलं पाहिजे. लीडरने हेच बघायचं. समज पावसाळ्यात एखाद्या नाळेत, म्हणजे डोंगरातल्या उभ्या घळीत, कोणाची मांडी मोडली. स्ट्रेचरला एका वेळी सहा-आठ हात लागतात, उतारावर मागून दोराने धरायला वेगळी माणसं, दर थोड्या वेळाने खांदे बदलायचे, पायाखाली शेवाळ, आणि असं तासन् तास, म्हणजे वीस-पंचवीस माणसं सहज लागतात. तुझ्या ग्रुपमध्ये तेवढी दमदार माणसं नसतात, म्हणजे ती येणार पायथ्याच्या वाडीतून, लावणी सोडून, नाहीतर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या डोंगरात बचावकार्य करणाऱ्या संस्थेतून. तोवर तू बाकीच्यांना एका जागी कोरडं, शांत बसवून ठेवलंस तर तो अपघातच राहतो. घाबरून चौघं दोर न लावता खाली उतरले की काय होतं ते मी सांगायला नको.

आणि मेलेल्याला मूर्ख ठरवायची घाई करू नकोस. ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली, २७ मृतदेह मिळाले. ती मुलं शिकायलाच गेली होती ना, रीतसर, प्रशिक्षकांबरोबर!

इर्शाळगडाला आपण मुंबईकर पनवेलवरून सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतो, वाटेत इर्शाळवाडीत पाणी प्यायचो. १९ जुलै २०२३ च्या रात्री तीच वाडी दरडीखाली गेली, २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसं बेपत्ता राहिली. वर जायला रस्ता नाही, जेसीबी चढेना, तर माणसांनी हाताने माती उपसली, त्यात ट्रेकिंगवालेही होते. आपल्यासाठी ज्यांना धावून यावं लागतं त्यांचंच घर डोंगराखाली असतं, त्यामुळे ऑरेंज किंवा रेड अलर्ट असताना ग्रुप घेऊन अशा वाडीच्या डोक्यावर जाणं मला पटत नाही, मग फी परत करावी लागली तरी चालेल.

आता येत्या रविवारचं. सगळ्यांची नावं, घरचे नंबर, कुठल्या वाटेने चढणार, किती वाजेपर्यंत खाली, हे लिहून एक कागद वाडीत दे आणि एक फोटो मला पाठव. उशीर झाला तर मी कोणत्या वेळेनंतर फोनाफोनी सुरू करायची तेही त्यातच लिही, शनिवारी रात्रीपर्यंत मिळू दे.

तुझा,
दादा