जेमीशी खोटं बोलणाऱ्या ब्रिएनला सच्ची का म्हणायचं?

तुमचा प्रश्न असा की आयुष्यभर दिल्या शब्दाला जागलेली योद्धी ब्रिएन जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या कादंबरी-मालिकेतल्या (जिच्यावरून टीव्हीवरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ निघाली) ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’मध्ये जेमी या सरदाराला “सॅन्सा सापडली, हाउंडच्या ताब्यात आहे, एकटाच ये” असं खोटं सांगून घेऊन जाते, मग तिला ढोंगी का म्हणू नये? मला तर ते खोटं धरूनही ती सगळ्या मालिकेतली सर्वांत प्रामाणिक व्यक्ती वाटते.

आधीच्या, म्हणजे २००५ च्या ‘अ फीस्ट फॉर क्रोज’मध्ये तिच्यावर काय गुदरलं ते आठवा. सॅन्साच्या आईला, कॅटलिनला, तिने वचन दिलेलं की तुमच्या मुली सुखरूप आणीन. त्या शोधासाठी तलवार दिली जेमीने, तीही कॅटलिनच्या नवऱ्याच्या, नेड स्टार्कच्या, तलवारीच्या पोलादातून घडवलेली. मग मेलेली कॅटलिन लेडी स्टोनहार्ट होऊन समोर येते आणि म्हणते, जेमीला मार, नाहीतर फासावर चढ. जिला वचन दिलं ती एकीकडे, ज्याच्यामुळे ते पाळता येतंय तो दुसरीकडे. लोभाचा, मोहाचा इथे संबंधच नाही.

आणि ब्रिएन लगेच वाकत नाही. दोन्हीतलं काहीच निवडणार नाही म्हणते, गळ्याला फास लागतो तरी. शेजारी तिच्या सोबतीचा सेवक पॉडरिक फासावर तडफडताना दिसतो, कोवळं पोर ते, तेव्हा कुठे तिच्या तोंडून एक शब्द बाहेर पडतो. स्वतःच्या जिवासाठी तिने तो उच्चारला नसता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

मी ग्वाल्हेरची. आमच्याकडच्या मराठी घरांत खाल्ल्या मिठाला जागावं हे ऐकतच मुलं वाढतात, आणि त्याच घरांतली माणसं फूलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीपुढे हात जोडतात. १ जून १८५८ रोजी मुरारजवळ जयाजीराव शिंद्यांची बहुतेक फौज राणी आणि तात्या टोपे यांना जाऊन मिळाली. महाराजांचे अंगरक्षक तेवढे लढले, महाराज आग्र्याला गेले. धन्याला सोडणारे ते शिपाई बेइमान होते? मला नाही तसं म्हणवत. आणि जे अंगरक्षक लढले त्यांना तरी कुठल्या तोंडाने नावं ठेवू? निष्ठा दोन असल्या की एक मोडतेच.

हे ब्रिएनला आधी कुणी शिकवलं असेल तर जेमीनेच. हरेनहॉलच्या स्नानगृहात तो तिला सांगतो की ज्याचा मी शपथबद्ध अंगरक्षक होतो तो वेडा राजा अख्खं शहर जाळायला निघाला होता, म्हणून मी त्याला मारलं. तोवर तिच्या लेखी तो फक्त शपथ मोडणारा होता.

टीव्हीवाल्यांनी स्टोनहार्टच गाळली, याचं मला फार वाईट वाटतं. २०१९ च्या भागात जेमी तिला नाइट करतो तो प्रसंग सुंदर आहे, पण ही कसोटी तिथे येतच नाही. ब्रिएनला बोल लावायचाच तर पाचव्या सीझनच्या शेवटाबद्दल लावा. कैदेतल्या सॅन्साने मदतीसाठी लावायच्या खुणेच्या दिव्याची वाट बघत उभी असलेली ती, आपला आधीचा धनी रेन्ली याचा सूड घ्यायला त्याचा मारेकरी भाऊ स्टॅनिसच्या मागे निघून जाते, आणि दिवा नेमका त्याच वेळी लागतो. तिथे तिच्यावर कुणाचीच सक्ती नव्हती.