हात वर केला तरी गोळ्या का बसतात?

प्रश्न: दुसऱ्यांदाच पेंटबॉल, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ, खेळायला गेलो होतो. समोरच्या टीमकडे स्वतःचे इलेक्ट्रॉनिक मार्कर (गोळ्या मारायच्या बंदुका), आमच्याकडे भाड्याचे. मी आउट होऊन हात वर केला तरी वर पाच-सहा गोळ्या बसल्या, पाठीवर वळ उठले. मैदानवाले म्हणतात स्पीड चेक केलाय, सगळं नियमात आहे. बायको म्हणते आता परत येणार नाही. अशा मार्करवर बंदी नको का?

उत्तर: नियमात असेलही, आणि गोची तिथंच आहे. क्रोनोवर (वेग मोजायच्या यंत्रावर) बघतात तो एका गोळीचा वेग, बहुतेक ठिकाणी सेकंदाला २८० ते ३०० फुटांची मर्यादा असते. पण सेकंदाला गोळ्या किती सुटतात हे क्रोनोवर कुणी बघतंय का?

आता हिशोब करा. तुम्ही ६० फुटांवर आहात, गोळी पोचायला पाव सेकंद तरी जातो, मार्कर सेकंदाला १० गोळ्या सोडतोय म्हणजे पहिली तुमच्यावर फुटते तेव्हा आणखी दोन-तीन हवेत असतातच, आणि समोरच्याला ते दिसून बोट उचलेपर्यंत अजून दोन-तीन. म्हणजे तो मुद्दाम मारत नव्हता, एवढं धरून चाला. मग नुसतं 'जपून मारा' सांगून काय होणार, सेकंदाला सुटणाऱ्या गोळ्याच कमी करायला हव्यात.

माझं स्पष्ट मत, नवखे खेळत असतील त्या गेमला रॅम्पिंग (ट्रिगर भरभर दाबला की मार्कर आपणहून जास्त गोळ्या सोडतो ते) आणि फुल-ऑटो (ट्रिगर दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात ते) बंद, एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी, म्हणजे सेमी-ऑटो. एनएक्सएलसारख्या मोठ्या पेंटबॉल लीगमध्येसुद्धा सेकंदाला १०.२ गोळ्यांची मर्यादा आहे हो, तिथले खेळाडू तर रोज सराव करणारे! सरसकट बंदी मात्र नको, हौसेनं मार्कर घेतलेल्यांना त्यांचा वेगळा गेम द्या. मैदानवाल्यांना हे जड जातं कारण कमाई गोळ्यांवर असते, २०० गोळ्यांचा हॉपर (मार्करवरचा गोळ्यांचा डबा) अशा मार्करनं २० सेकंदात रिकामा होतो, पण तुमच्यासारखे लोक यायचेच बंद झाले तर गोळ्या घेणार कोण?

१९८१ साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये पहिला गेम झाला तो झाडांवर खुणा करायच्या साध्या मार्करवर, आणि जिंकणाऱ्यानं एकही गोळी न झाडता सगळे झेंडे गोळा केले होते. लपणं, सरकणं, वाट बघणं, मजा यातच आहे.

पुढच्या वेळी बुकिंगआधीच विचारा, सेमी-ऑटोच आहे ना, भाड्याचे आणि स्वतःचे मार्करवाले एकत्र सोडता का. पंप मार्करचा (दर गोळीला हातानं पंप ओढावा लागतो) गेम मिळाला तर बायकोला त्यालाच घेऊन जा.